अठ्ठावीस अक्षरांचा पत्ता

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. मात्र माझ्या दारात पोस्टमन कधी आला नाही, कारण मी घराचा नव्हे, वेबसाइटचा पत्ता आहे. मोठी माणसे ज्याला 'डोमेन नेम' म्हणतात आणि लहान मुले 'ते वरच्या पट्टीत लिहायचं असतं ते' म्हणतात, तो मी. मला वजन नाही, वास नाही, मी कधी गंजलो नाही की फाटलो नाही. तरीही माझे एक आयुष्य झाले आहे आणि ते सांगण्यासारखे आहे, असे मला वाटते. म्हातारपणी प्रत्येकाला तसे वाटतेच म्हणा.

आधी माझे पूर्ण नाव सांगून टाकतो, म्हणजे तुमचे हसून होईल. सर्वोत्तम, मग एक आडवी रेघ, मग आरोग्यदायी, पुन्हा एक आडवी रेघ, मग पादत्राणे. त्यापुढे एक टिंब आणि सगळ्या पत्त्यांना असते तसले शेपूट. हे सारे इंग्रजी अक्षरांत लिहायचे. शेपूट आणि रेघा सोडल्या तरी अठ्ठावीस अक्षरे भरतात. माझ्या ओळखीचे बरेच पत्ते सहा-सात अक्षरांत सुखाने संसार करतात. माझा मात्र पसारा मोठा आणि घरात येणारे-जाणारे कमी, अशी गत होती.

माझ्यासारख्यांना डोळे नसतात. पण जिथे कोणी मला उच्चारतो, लिहितो किंवा वाचतो, तिथे तेवढा वेळ मी असतो आणि तिथले सारे मला कळते. कोणी आठवणच काढली नाही, तर मला सगळा अंधार. तेव्हा मी जे सांगेन ते एक तर मी स्वतः अनुभवलेले असेल, नाही तर माझ्याविषयी बोलताना माणसांनी सांगितलेले असेल. पदरचे काही घालणार नाही.

माझा जन्म चामडे कापायच्या एका टेबलावर झाला. ते टेबल एका बुटांच्या दुकानात होते आणि ते दुकान जरा निराळे होते. तिथे तयार बुटांची खोकी नव्हती. ज्यांचे दोन्ही पाय सारखे नसतात, एक आखूड, एक लांब, एक रुंद, एक वाकडा, अशा माणसांसाठी तिथे बूट बनत. मालकाला सगळे 'मास्तर' म्हणत. मास्तर समोरच्याचे पाय हातात घेत, बोटांनी चाचपत, कागदावर उभे करून पेन्सिलीने रेघ ओढत आणि मग लाकडाचे दोन फर्मे कोरत. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, ज्यावर चामडे ताणून बूट शिवतात. आखूड पायाच्या बुटाला ते आतून अशी उंची देत की बघणाऱ्याला काही कळू नये. लंगडत आलेला माणूस परत जाताना सरळ चालत जाई. मास्तर दारापर्यंत त्याच्या मागे जात आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याची चाल पाहत उभे राहत.

दुकानात तीन माणसे होती. मास्तर, त्यांची थोरली बहीण, जी बुटांचे वरचे चामडे शिवायची, आणि मास्तरांची लेक, जी मापे टिपायची, फोन घ्यायची आणि वडिलांचा हेका सांभाळायची. बहिणीला लेक 'आत्या' म्हणे, म्हणून आपणही आत्याच म्हणू.

या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाइकाचे नाव विचारायचे नाही. ही रीत मास्तरांच्या वडिलांपासून चालत आली होती. त्या काळी माणसे आपला पाय लपवत मागच्या दाराने येत आणि नाव विचारले तर कानकोंडी होत. म्हणून फर्म्यांवर नावे नसायचीच. पेन्सिलीने लिहिलेले असायचे, 'शाळेची घंटावाली, डावा सव्वा इंच' किंवा 'शिट्टी वाजवणारा, उजव्याची टाच अरुंद'. भिंतभर फळ्यांवर अशा तीनशेहून जास्त जोड्या होत्या. मास्तर माणसाला चेहऱ्याने ओळखायला चुकत, पण पाय पाहिला की गेल्या खेपेला त्याने काय तक्रार केली होती तेही सांगत.

ही रीत चांगली होती. पण चांगल्या रीतीसुद्धा कधी कधी अंगाशी येतात. दुकान ज्या इमारतीत होते, ती पाडायचे ठरले. सहा महिन्यांत जागा सोडायची होती. नवी खोली मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला. जुना फोन इमारतीचाच होता, तोही जाणार होता. गिऱ्हाइके वर्षाने, दोन वर्षांनी, कोणी तीन वर्षांनी यायची. ती येतील तेव्हा इथे खड्डा असेल. त्यांना कळवायचे कसे? दुकानात तीनशे माणसांचे पाय होते, पण त्यांतल्या एकाचेही नाव नव्हते की फोन नंबर नव्हता.

तेव्हा लेक म्हणाली की आपण वेबसाइट करू. कोणीही, कुठूनही शोधले की नवा पत्ता सापडेल. मास्तरांना वेबसाइट म्हणजे काय ते नीट उमगले नाही, पण शोधणाऱ्याला सापडेल एवढे उमगले आणि ते तयार झाले.

सुट्टीच्या दिवशी तिघे त्या टेबलाभोवती बसले. वेबसाइटला नाव काय द्यायचे, असा प्रश्न होता. आत्या म्हणाली की कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला विचारा, त्याला रोज लोक आपले दुकान विचारतात. लेक जाऊन विचारून आली. किल्लीवाला म्हणाला होता की सगळे एकच विचारतात, 'ते दोन मापांचं दुकान कुठे आहे?' लेकीने तिथल्या तिथे कागदावर लिहिले, 'दोन मापं'. छोटे होते, सोपे होते, एकदा ऐकले की लक्षात राहणारे होते.

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"लोक आपल्याकडे विश्वासानं पाय घेऊन येतात. त्यांचं व्यंग मी पाटीवर टांगणार नाही."

"अरे, पण शोधणारा कुठला शब्द घेऊन शोधायला निघेल, ते बघशील की नाही?" आत्या म्हणाली.

मास्तर म्हणाले की ज्याला चांगले बूट हवेत तो 'चांगले बूट' असेच शोधेल. आणि मग, मित्रांनो, त्यांनी डोळे मिटून, एकेक शब्द तोलून माझे नाव सांगितले. लेकीने ते लिहून घेतले. शब्द एकमेकांत घुसून वाचता येईनात, म्हणून मध्ये रेघा घातल्या. नाव कोणी आधीच घेतले आहे का, ते तिने पाहिले. ते मोकळेच होते, अर्थात. असल्या नावावर कोण टपून बसणार? तिने मला दोन वर्षांसाठी घेतले. हे नाव चालायचे नाही, हे तिला त्याच वेळी कळले होते. पण वडिलांची जागा सुटत होती, तोंडावर दुःख होते, त्यात आणखी त्यांच्या शब्दाला नाही कशाला म्हणा, असे तिला वाटले. मायेपोटी ती गप्प राहिली. माझा जन्म असा एकाच्या हट्टातून आणि एकीच्या गप्प राहण्यातून झाला.

मला मात्र तेव्हा हे कुठले कळायला! मी तर हुरळून गेलो होतो. सर्वोत्तम म्हणे, आरोग्यदायी म्हणे! मास्तर येणाऱ्या प्रत्येकाला माझे नाव पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत ऐकवत आणि ऐकवून झाले की समाधानाने मान हलवत. माझ्या आयुष्यातले कौतुकाचे दिवस ते हेच. आत्याने माझा एक धातूचा शिक्का करून घेतला. मी सरळ ओळीत मावेना, म्हणून शिक्केवाल्याने मला गोल वळवले. त्यानंतर जो जोडा तयार होई, त्याच्या आत, टाचेच्या जागी, आत्या तो शिक्का दाबायची. मी टाचेभोवती फिरून जवळजवळ स्वतःच्याच शेपटाला भिडायचो.

कौतुक झाले, आता फजितीचेही ऐका. फोनवर लेकीला माझे नाव सांगावे लागे. सर्वोत्तममध्ये एक टी की दोन, रेघ आडवी की खालची, पादत्राणेच्या शेवटी काय, असे सारे समजावता समजावता तिला घाम फुटायचा. एकदा पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, पत्ता सांगताय की पाढे म्हणताय?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला. ते पुन्हा आले नाहीत. कार्डावर मला छापायचे तर अक्षरे इतकी बारीक करावी लागली की वाचायला भिंग लागावे. वेबसाइटवर रोज एक-दोन माणसे येऊन जात. मला त्याचाही अभिमान होता. पुढे कळले की ती बहुतेक वेळा लेकच असायची. कोणी आले का, ते बघायला ती यायची.

पाच महिन्यांनी दुकान हलले. नवी खोली जुन्या जागेच्या निम्मीही नव्हती. फर्मे फळ्यांवर मावेनात. अर्धे पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवले. घरमालकाने स्पष्टच सांगितले की जिन्याखालची जागा एक वर्षासाठी, त्यानंतर रिकामी करायची. म्हणजे वर्षभरात ज्यांची माणसे येणार नाहीत ते फर्मे कुठे न्यायचे, असा प्रश्न होता. मालक नसलेला फर्मा म्हणजे जळाऊ लाकूडच. मास्तर तसे बोलले नाहीत. पण ते रोज एक पोते उघडायचे, एकेक जोडी पुसायची आणि परत भरायची, असे करू लागले.

पहिल्या महिन्यात सात माणसे आली. दुसऱ्यात पाच. एकदा तर पंधरा दिवस दाराची कडी कोणी वाजवली नाही. मास्तर खिडकीत बसून रस्त्यावरच्यांचे पाय बघत. "काय गं, त्या आपल्या ह्याच्यावर आलं का कोणी?" असे ते लेकीला विचारत आणि पुन्हा माझे नाव पूर्ण घेत, म्हणून मला हे सारे माहीत आहे. हाताला काम नाही यापेक्षा त्यांना दुसऱ्याच गोष्टीचा घोर होता. ती तीनशे माणसे कुठेतरी झिजलेल्या बुटांत लंगडत असतील आणि आपल्याला शोधत असतील. आणि ती आपल्याला शोधत असतील तर सापडत का नाहीत, हे त्यांना समजत नव्हते. दोष माझा होता. नाव असून मी कोणाच्या जिभेवर बसत नव्हतो.

चौथ्या महिन्यात एक निवृत्त ग्रंथपाल आले. फर्म्यावर त्यांची ओळख 'हळू बोलणारा, उजवा दीड इंच' अशी होती. ते दारातच भिंतीला धरून उभे राहिले. तीन आठवडे ते दुकान शोधत होते. माझे नाव मास्तरांनी त्यांना ऐकवले होते, पण घरी पोहोचेपर्यंत त्यातला एक शब्दही उरला नव्हता. 'दोन मापं' असे लिहून लिहून त्यांनी शोधले, पण काहीच मिळाले नाही. शेवटी या रस्त्यावर दुसऱ्याच कामासाठी आले असताना त्यांना खिडकीत मास्तर दिसले.

मास्तरांनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि समजावू लागले की नाव असे का ठेवले, कोणाचा पाय चव्हाट्यावर मांडायचा नव्हता वगैरे. ग्रंथपालांनी सगळे ऐकून घेतले.

"मास्तर, पुस्तक कितीही चांगलं असो, चुकीच्या कपाटात गेलं की ते हरवलंच," ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "मला माझ्या पायाची लाज वाटत नाही हो. आमच्या वतीनं ती तुम्हालाच वाटते."

आत्याची सुई हातातच राहिली. मास्तर ग्रंथपालांच्या पायांकडे बघत होते. माप घेताना बघत तसे नव्हे, काहीतरी चुकले आहे आणि ते आपल्याच हातून, असे बघत होते. चाळीस वर्षे त्यांनी पाय लपवणारे बूट केले होते आणि लपवणे म्हणजेच मान राखणे असे धरून चालले होते. त्या दिवशी त्यांनी माप घेतले, कागदाची घडी केली आणि ग्रंथपाल निघताना पहिल्यांदाच विचारले, "तुमचं नाव काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला बसवले. "लिही. दोन मापं," ते म्हणाले.

या वेळी मात्र लेक गप्प बसली नाही. नाव घ्यायच्या आधी तिने ते पारखून घेतले. तिने समोरच्या शिंप्याला ते फक्त एकदा सांगितले, पुन्हा सांगितले नाही, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विचारले. त्याला आठवत होते. आत्याने एका मैत्रिणीला फोनवर सांगितले आणि तिच्याकडून लिहून घेतले. ते बरोबर आले. उद्या ही खोली सोडली तरी नाव खोटे पडू नये, म्हणून त्यात रस्त्याचे नाव घातले नाही. उद्या दुकान कोणीही चालवो, म्हणून माणसाचेही नाव घातले नाही. रेघाबिघा काही नाहीत. तेच नाव तसेच्या तसे कोणा दुसऱ्याचे नाही ना, तेही तिने पाहिले. माझ्या वेळी या शेवटच्या गोष्टीखेरीज यातले काहीच झाले नव्हते. मी तो सारा सोहळा दुरून ऐकत होतो, कारण दर दोन वाक्यांनी कोणीतरी म्हणे, 'त्या सर्वोत्तमसारखं नको व्हायला.'

तुम्ही विचाराल, मला वाईट वाटले का? वाटले. खोटे कशाला बोलू? धाकट्याचे कोडकौतुक चालले असताना थोरल्याने कोपऱ्यात उभे राहायचे, हे कोणाला आवडते? पण खरे सांगायचे तर नवे नाव गुणाचे होते. महिनाभरात माणसे येऊ लागली. जी मनात 'दोन मापं' हेच शब्द घेऊन हिंडत होती, ती आपोआप तिथे पोहोचली. जिन्याखालची पोती एकेक करून रिकामी होऊ लागली.

माझे काय करायचे, असे लेकीने विचारले. मास्तर म्हणाले, "काढून टाक. ते माझ्या गर्वाचं नाव आहे." लेकीने माझ्या पत्त्यावरचे पान पुसून टाकले. शिक्का भंगारात गेला. दोन वर्षांची मुदत संपली की मीही आपोआप गळून पडणार होतो. त्यानंतर माझे नाव त्या घरात कोणी घेतले नाही.

मग अंधार. किती दिवस, ते मला सांगता येणार नाही, कारण अंधारात दिवस मोजता येत नाहीत. पुढे कळले की सव्वा वर्ष झाले होते.

आणि एका सकाळी कोणीतरी मला लिहिले.

ती एक सुईणबाई होती. डोंगराळ भागात या पाड्यावरून त्या पाड्यावर चालत जायचे आणि बाळंतपणे करायची, हे तिचे काम. तिचा डावा पाय दोन इंच आखूड होता. ती उंबऱ्यावर बसली होती आणि मांडीवर एक बूट उलटा धरला होता. त्याचा तळ सुटला होता, आतली उंची चेपून गेली होती. दुकानापर्यंत यायचे म्हणजे दोन दिवसांचा प्रवास, म्हणून आधी फोन करावा, तर फोन लागत नव्हता. मग तिला टाचेतला शिक्का दिसला. बूट फिरवत फिरवत, एकेक अक्षर बोटाने धरून तिने मला फोनवर लिहिले. अठ्ठावीस अक्षरे, दोन रेघा. काही चुकले नाही.

समोर कोरे पान आले.

तिला वाटले आपलेच काहीतरी चुकले. तिने पुन्हा लिहिले. पुन्हा कोरे पान. तिसऱ्यांदा तिने प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत लिहिले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतके असहाय कधी वाटले नाही. मला सगळे ठाऊक होते. दुकान कुठे आहे ते ठाऊक होते, मास्तर तिथेच बसलेले असणार तेही ठाऊक होते. माझ्या दारात एक बाई उभी होती आणि मला एवढेही सांगता येत नव्हते की बाई, इथून पुढे जा. पत्ता असून मी कुठलाच पत्ता सांगू शकत नव्हतो. तिने फोन ठेवला आणि मी पुन्हा अंधारात गेलो.

त्यानंतर जे झाले ते मला मागाहून कळले. ती तशीच, बुटाला दोरी बांधून निघाली. जुन्या जागी पत्रे लावलेला खड्डा होता. किल्लीवाल्यालाही तिथून हलवले होते. दिवसभर विचारत विचारत ती दोन गल्ल्या पलीकडे त्याच्यापर्यंत पोहोचली आणि त्याने नवी जागा सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांच्या टेबलावर तिने तो बूट ठेवला. मास्तरांनी आत पाहिले आणि माझे नाव वाचले. म्हणून त्या क्षणी मी तिथे होतो.

"आत तुमचा पत्ता आहे ना, मास्तर," ती म्हणाली. "मी तीनदा लिहिला. तीनदा कोरं पान आलं. मला वाटलं, तुम्ही गेलात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. या दिवसांत एका पाड्यावर तिची वाट बघणारी बाई होती, हे तिने नंतर, माप देताना, सहज सांगितले. बाळ सुखरूप झाले होते, पण तिच्यावाचून झाले होते.

मास्तरांनी बूट हातात धरूनच आत्याला विचारले, हा शिक्का किती जोड्यांत आहे? आत्या खाली बसली. शिक्का तीच मारायची आणि नाव बदलताना तिलाही ते आठवले नव्हते. तिने चामड्याचा हिशेब मनाशी जुळवला आणि म्हणाली, "चौसष्ट असतील." चौसष्ट माणसे आपल्या पायाखाली माझे नाव घेऊन चालत होती. बूट झिजला की त्यातले कोणीही आत डोकावणार होते आणि मला लिहिणार होते.

लेकीने माझी मुदत पाहिली. नऊ दिवस उरले होते. तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मलाही ठाऊक नव्हती. मुदत संपली की मी मोकळा होतो आणि मग कोणीही परका माणूस मला घेऊ शकतो. तो माझ्या दारात हवे ते मांडू शकतो. विश्वासाने आलेल्या माणसाला तो काय विकेल, काय विचारेल, कुठे पाठवेल, काही नेम नाही.

मास्तरांनी टाचेतल्या शिक्क्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "नाव चुकलं ते चुकलं. पण दिलं ते आपणच ना? ते निस्तरायचंही आपणच."

त्याच दिवशी लेकीने माझी मुदत वाढवली आणि मला नवे काम लावून दिले. आता कोणी मला लिहिले की मी क्षणात त्याला 'दोन मापं'च्या दारात नेऊन सोडतो. माणसाला कळतही नाही की वाटेत मी भेटलो होतो. माझ्यावर पान नाही, चित्र नाही. मी फक्त पुढे पाठवतो. पूर्वी 'सर्वोत्तम' म्हणवून घेणाऱ्याला हे काम जरा हलके वाटेल असे तुम्हाला वाटले असेल. मला तसे कधी वाटले नाही. पहिल्यांदा एका माणसाला मी योग्य दारात पोहोचवले, तेव्हा मला पत्ता झाल्यासारखे वाटले.

या गोष्टीला आता दहा वर्षे झाली. मास्तरांचे हात थरथरतात, म्हणून फर्मे लेक कोरते. फर्म्यांवर ती आता खुणेबरोबर नावही लिहिते, विचारून आणि परवानगी घेऊन. त्या चौसष्ट जोड्यांपैकी एकसष्टांची माणसे एक ना एक दिवस आली. दोघे वारले, तसे त्यांच्या घरच्यांनी कळवले. एक जोडी राहिली आहे.

ती एका सात वर्षांच्या मुलीची. मावशीने तिला कडेवर आणले होते. नवे बूट घालायच्या आधी तिने आतला शिक्का पाहिला. नुकतीच अक्षरे शिकली होती. बूट गोल फिरवत तिने मला पूर्ण वाचले, रेघासुद्धा सोडल्या नाहीत, आणि वाचून झाल्यावर इतकी खूश झाली की पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग बूट घालून ती दारापर्यंत चालत गेली आणि परत आली आणि पुन्हा गेली. कडेवर बसायला काही तयार होईना.

गेल्या महिन्यात माझी मुदत पुन्हा संपत आली. लेक वडिलांना म्हणाली, "बाबा, ती आता अठरा-एकोणीस वर्षांची असेल. तो बूट केव्हाच लहान झाला असेल. कशाला कोण जपून ठेवतंय?"

"पाय वाढला असेल," मास्तर म्हणाले. "दोन पायांतला फरक कुठे जातोय?"

लेकीने माझी मुदत वाढवली.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कशाला तरी नाव द्याल. तेव्हा आपण कसे दिसू याचा विचार थोडा करा आणि आपल्याला शोधत येणारा कसा येईल याचा जास्त करा. त्याच्या तोंडी जो शब्द असेल तो घ्या. एकदा ऐकून राहील असे नाव घ्या. आणि नाव चुकलेच, तर खुशाल बदला, पण जुन्याला एका दिवसात टाकून देऊ नका. कोणीतरी ते खरे मानून घरी घेऊन गेलेले असते.

आणि तू, मुली, जिथे असशील तिथे, तो लहान बूट एखाद्या पेटीच्या तळाशी सापडला, तर आत बघ. नाव लांब आहे, त्याबद्दल मला माफ कर. पण कंटाळू नकोस. पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत लिही. या वेळी पान कोरे नसेल.